खिळा, घोडा आणि दोन इंजेक्शनं

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या वडिलांच्या (वय ६४) टाचेत खिळा घुसला. दवाखान्यात त्यांना दोन इंजेक्शनं दिली, एक दंडात आणि एक मांडीत. पुढच्याच आठवड्यात पत्र्यानं माझा हात कापला, तर मला एकच दिलं. आजी म्हणते, पूर्वी ‘घोड्याचं इंजेक्शन’ असायचं आणि त्यानं अंगावर गांधी उठायच्या. धनुर्वाताचा आणि घोड्याचा संबंध काय? आणि रोग एकच असताना कुणाला एक, कुणाला दोन, हे कसं? – एक वाचक, हडपसर

उत्तर : घोड्याबद्दल विचारायला तुम्ही अगदी योग्य पत्त्यावर राहता. हडपसरला येऊ, आधी खिळ्याचा निकाल लावू.

गंजाला आपण उगाच बदनाम केलंय. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, त्यात धनुर्वात नसतो. धनुर्वाताचा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम टेटनी, मातीत आणि जनावरांच्या, विशेषतः घोड्यांच्या, लिदीत राहतो. तोही जागा नसतो, कवच पांघरून बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षं पडून असतो. उन्हानं, पावसानं, साध्या उकळत्या पाण्यानंही तो सहजी मरत नाही. त्याला हवा मानवत नाही. म्हणून खरचटलेल्या गुडघ्यापेक्षा खिळ्यानं किंवा बाभळीच्या काट्यानं केलेलं अरुंद, खोल भोक त्याच्या सोयीचं, कारण आत प्राणवायू पोचत नाही. बाहेरून जखम मिटल्यासारखी दिसते आणि आत बीजाणू जागा होतो. आषाढाच्या तोंडावर हडपसरवरून दिवे घाटाकडे जाणाऱ्या वारीत कितीजण अनवाणी असतात ते आठवा. डांबरावर काटा कमी, पण रस्त्यावर लीद, शेण आणि फुटकी काच भरपूर. आपल्याकडे या रोगाला संधी कधीच कमी नव्हती.

जिवाणू स्वतः जखमेच्या बाहेर फारसा जात नाही. तो माणूस मारतो ते तिथेच बसून सोडलेल्या विषानं. हे विष एक प्रथिन आहे. ते मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतं आणि त्या तंतूच्या आतूनच उलट दिशेनं पाठीच्या कण्यापर्यंत चढतं. तिथे स्नायूंना ‘आता सैल व्हा’ असा निरोप देणाऱ्या पेशी असतात. हा निरोप बाहेर पडण्यासाठी सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं एक प्रथिन लागतं; विष नेमकं तेच कापतं. मग आवळा म्हणणारे निरोप चालू राहतात आणि सोडा म्हणणारे थांबतात. आधी दातखीळ बसते, मग मान, मग पाठ धनुष्यासारखी वाकते. दार आपटलं तरी झटका येतो आणि या सगळ्यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. गंमत अशी, की सुरकुत्या घालवायला ज्याच्या सुया टोचून घेतात ते बोटॉक्स याच विषाचं सख्खं भावंड. तेही तेच प्रथिन किंवा त्याच यंत्रणेतला दुसरा भाग कापतं, पण स्नायूजवळच्या टोकावर. म्हणून तिथे आवळण्याऐवजी लुळेपणा येतो.

या विषाची मारक मात्रा माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम मानतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५० नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे एक अब्ज भाग केले तर त्यातले दीडशे. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात तो पुन्हा लागणार आहे.

आता घोडा. १८९० मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं, की प्राण्याला हे विष अगदी थोडं थोडं देत गेलं, तर त्याच्या रक्ताच्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, विष निकामी करणारं काहीतरी तयार होतं. आणि ते सीरम दुसऱ्या प्राण्याला टोचलं तर तोही वाचतो. त्या ‘काहीतरी’ला आज आपण प्रतिपिंड किंवा सरळ अँटीबॉडी म्हणतो. घटसर्पाच्या विषावरच्या अशाच कामासाठी बेरिंग यांना १९०१ चं, म्हणजे वैद्यकातलं पहिलंच, नोबेल मिळालं. कितासातोंना मिळालं नाही, हे जपानी लोक अजून विसरलेले नाहीत आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

हे काम सशा-उंदरांवर सिद्ध झालं, पण माणसांना पुरेल एवढं सीरम सशातून निघणार कुठून? घोडा मोठा, माणसाळलेला, काही लिटर रक्त काढलं तरी सावरणारा. मानेची शीर ठसठशीत. विषाची सवय त्याला महिनोन् महिने चढत्या मात्रेनं लावता येते. म्हणून १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत घोड्यांचे तबेलेच औषधाचे कारखाने बनले.

त्यातून अपघातही झाले. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जिम नावाचा एक घोडा घटसर्पाचं प्रतिविष पुरवायचा. १९०१ मध्ये त्यालाच धनुर्वात झाला आणि त्याचं दूषित सीरम बाटल्यांत भरलं गेलं. १३ मुलं गेली. पुढच्या वर्षी अमेरिकेनं लस आणि सीरम यांच्या उत्पादनावर सरकारी तपासणीचा कायदा केला. आणि त्याच १९०२ साली, ऑक्टोबर महिन्यात, पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. लस मुंबईची, वॉल्डेमार हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतली. १८९७ च्या जानेवारीत ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली होती. चौकशी समितीनं दोष प्रयोगशाळेवर टाकला आणि हाफकिन यांचं पद गेलं. पुढे कळलं ते असं, की दगावलेली सगळी माणसं एकाच बाटलीतून टोचलेली होती आणि ती बाटली उघडताना गावातच चिमटा जमिनीवर पडला होता. जमिनीवर काय असतं ते वर सांगितलंच आहे. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. प्लेगशी लढणाऱ्या माणसाचा घात धनुर्वातानं करावा, हा दैवदुर्विलासच.

याच हाफकिन संस्थेतून आपण पुण्यात येतो. पूनावाला कुटुंबाचा घोडेपैदाशीचा फार्म १९४६ पासूनचा. शर्यतीतून आणि पैदाशीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला जात आणि तिथे त्यांच्या रक्तापासून सीरम बनत असे. घोडे आपले, मग सीरमही आपणच का बनवू नये, असा विचार करून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये हडपसरला सिरम इन्स्टिट्यूट काढली. सुरुवातीचं उत्पादन होतं धनुर्वाताचं प्रतिविष. जगाला कोट्यवधी लशी पाठवणाऱ्या कंपनीच्या नावात ‘लस’ नाही, ‘सिरम’ आहे, ते त्यामुळे. तुमच्या आजीचं ‘घोड्याचं इंजेक्शन’ ते हेच.

आणि गांधींबद्दल आजीचं म्हणणं अगदी बरोबर. घोड्याचे प्रतिपिंड विषाला ओळखतात, पण आपलं शरीर त्या प्रतिपिंडांना परकं समजतं. आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर गांधी येऊ शकतात. क्वचित लगेचच जिवावर बेतणारी ॲलर्जी होते. म्हणून आधी त्वचेत थेंबभर टोचून बघायची पद्धत आली. पुढे पेप्सिन या पाचकरसानं घोड्याच्या प्रतिपिंडाची शेपटी कापून फक्त विष पकडणारा भाग वापरायला लागले आणि त्रास खूप कमी झाला. दुसरी अडचण मात्र तशीच राहिली. परके प्रतिपिंड दोन-तीन आठवड्यांत संपतात आणि शरीर स्वतः काहीच शिकत नाही.

शिकवायचं कसं, याचं उत्तर १९२० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या गास्ताँ रामाँ यांना सापडलं. संस्थेच्या घोड्यांचं काम त्यांच्याकडेच होतं. विषात थोडं फॉर्मॅलिन घालून ते काही आठवडे उबेत ठेवलं, की विषाचा विषारीपणा जातो, रूप मात्र बरंचसं तेच राहतं. नांगी मोडलेला विंचू म्हणा. शरीर त्याला विंचू म्हणूनच ओळखतं, पण डंख बसत नाही. याला टॉक्सॉइड म्हणतात. टीटी म्हणजे टिटॅनस टॉक्सॉइड. रामाँ यांच्या आणखी एक लक्षात आलं होतं. ज्या घोड्यांना टोचल्या जागी सूज किंवा गळू येई, त्यांच्या रक्तात प्रतिपिंड जास्त मिळत. मग त्यांनी मुद्दाम चिडवणारे पदार्थ मिसळून पाहिले. त्यात साबुदाणा ज्यापासून करतात तो टॅपिओकासुद्धा होता. इंग्लंडमध्ये ग्लेनी यांनी १९२६ मध्ये तुरटी वापरली आणि ती टिकली. आजही टीटीच्या कुपीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. दंड दोन दिवस दुखतो त्यात त्याचा वाटा मोठा.

लस बनवताना धनुर्वाताचे जिवाणू मोठ्या बंद टाक्यांत, प्राणवायू न देता वाढवतात. काही दिवसांनी ते फुटतात आणि विष द्रवात उतरतं. जिवाणू गाळून टाकायचे, विष ठेवायचं, मग फॉर्मॅलिन, मग शुद्धीकरण, आणि मग विष खरोखरच मेलं की नाही याची तपासणी. पिढ्यान् पिढ्या गिनीपिगना टोचून त्यांच्यावर तीन-तीन आठवडे नजर ठेवली जायची. इतक्या जहरी पदार्थाच्या टाक्याच्या टाक्या भरून, त्यातून तान्ह्या बाळाला देण्याजोगी वस्तू काढणं हे रोजचं कारखान्यातलं काम झालंय, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तुमची दोन इंजेक्शनं. तुम्हाला मिळालं ते टॉक्सॉइड, म्हणजे शरीराला उजळणी. लहानपणी तुम्हाला ट्रिपल किंवा पेंटाव्हॅलंट, बूस्टर, शाळेतलं टीटी असं सगळं मिळालं असणार. शिकलेलं शरीर एका आठवणीत काही दिवसांतच भरपूर प्रतिपिंड काढतं. तुमच्या वडिलांचं तसं नाही. देशव्यापी लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, तेव्हा ते मोठे झाले होते. त्यांच्या पिढीतल्या बायकांना निदान गरोदरपणात टीटी मिळालं; पुरुषांना ‘जखम झाली की एक’ एवढंच, पूर्ण तीन मात्रांचा क्रम बहुधा नाहीच. न शिकलेल्या शरीराला पहिल्या मात्रेनंतर प्रतिपिंड बनवायला आठवडे लागतात आणि विषाला तेवढी वाट बघायची गरज नसते. म्हणून दंडात टॉक्सॉइड आणि दुसरीकडे तयार प्रतिपिंड, म्हणजे टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन. ते आता बहुतेक ठिकाणी माणसाच्याच रक्तातून काढलेलं असतं, नेहमीची मात्रा २५० युनिट. पहिलं पुढच्यासाठी, दुसरं आजच्यासाठी. दोन्ही एकाच जागी टोचत नाहीत, नाहीतर तयार प्रतिपिंड लशीलाच गिळतील. आणि उशीर का नको? विष एकदा मज्जातंतूत शिरलं की प्रतिपिंडाला ते सापडत नाही.

साधारण नियम असा : तीन मात्रा पूर्ण असतील, तर स्वच्छ किरकोळ जखमेला दहा वर्षं आणि मातीच्या, खोल जखमेला पाच वर्षं उलटली असतील तरच पुन्हा टोचायचं. दर खरचटण्याला टीटी घ्यायची आपल्याकडची हौस अनाठायी आहे. उलट वडिलांना त्या एकावर थांबवू नका, महिन्यानं दुसरी आणि सहा महिने ते वर्षानं तिसरी मात्रा डॉक्टरांना विचारून घ्या. आता टीटीऐवजी टीडी देतात. त्यात घटसर्पाचं टॉक्सॉइडही असतं, कारण घटसर्प हल्ली मोठ्या मुलांत आणि प्रौढांत डोकं वर काढतो.

उसन्या प्रतिपिंडाचा सर्वांत जुना प्रकार मात्र कारखान्यात होत नाही. गरोदर बाईला टोचलं की तिचे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातात. विळ्यानं नाळ कापून तिच्यावर राख-शेण लावायच्या काळात, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धट्टंकट्टं बाळ अचानक प्यायचं थांबायचं, ताठायचं आणि जायचं. पाचवी पुजताना सटवाईची जी धास्ती घरोघर असे, तिच्यामागे अशी किती बाळं असतील, असं माझ्या मनात येतं. पुरावा माझ्याकडे नाही, पण दिवस जुळतात. आईला लस आणि नाळेला स्वच्छ पातं, एवढ्यावर भारतानं २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन गाठलं. निर्मूलन म्हणजे नायनाट नव्हे. माती तिथेच आहे.

घोडे अजून आहेत का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. आहेत. पिंपरीत हाफकिन महामंडळाचे घोडे आहेत आणि नारायणगावला प्रीमियम सीरम्स या कंपनीचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर आजही घोड्यावाचून चालत नाही, कारण सापाचं विष म्हणजे एक नव्हे, डझनावारी प्रथिनांचं मिश्रण. जिथे लक्ष्य एकच असतं तिथे घोडा मागे पडतोय. हव्या त्या प्रतिपिंडाचं जनुक पेशीत घालायचं, त्या पेशी टाकीत वाढवायच्या, आणि सगळे प्रतिपिंड एकसारखे, मोनोक्लोनल, मिळवायचे. हडपसरच्याच सिरमनं अमेरिकेच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर रेबीजवर असा प्रतिपिंड बाजारात आणला. कुत्रा चावल्यावर जखमेत भरतात त्या घोड्याच्या किंवा माणसाच्या सीरमला तो पर्याय. रेबीज विषाणू आहे, विष नव्हे, पण तंत्र तेच. त्याच मासबायोलॉजिक्सचा हात असलेला, आतड्यातल्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या विषावरचा बेझलोटॉक्सुमॅब हा प्रतिपिंड अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाला आणि २०२५ मध्ये कंपनीनं तो बाजारातून काढून घेतला. चांगला प्रतिपिंड सापडणं आणि तो विकणं कंपनीला परवडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महागड्या औषधानं काय साधणार, हा प्रश्न भारतात नेहमीच आडवा येतो.

प्रश्न : मी फार्मसीचा विद्यार्थी आहे. पुण्यात बनलेल्या मेंदूज्वराच्या लशीच्या पत्रकावर ‘टिटॅनस टॉक्सॉइड’ असा उल्लेख दिसला. मेंदूज्वराच्या लशीत धनुर्वाताचं काय काम? – एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : ओझं वाहण्याचं. मेनिंगोकॉकस जिवाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं. प्रतिपिंड त्याच साखरेविरुद्ध हवेत, पण नुसती साखर टोचली तर लहान मुलांचं शरीर तिच्याकडे ढुंकून बघत नाही आणि मोठ्यांच्याही आठवणीत ती टिकत नाही. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींना प्रथिन दिसलं तरच त्या कामाला लागतात. म्हणून साखर एका ओळखीच्या प्रथिनाला रासायनिक बंधानं जोडतात. ओळखीचं, स्वस्त, दशकांची सुरक्षितता सिद्ध झालेलं प्रथिन कोणतं? टिटॅनस टॉक्सॉइड.

तुम्ही पाहिलेली लस बहुधा मेनॲफ्रिव्हॅक. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंगोकॉकस ‘ए’च्या साथी हजारोंनी बळी घेत. त्या देशांनी सांगितलं, आम्हाला अर्ध्या डॉलरच्या आतली लस हवी. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. पाथ ही संस्था, जागतिक आरोग्य संघटना आणि सिरम यांनी मिळून ती केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत पहिली मोहीम झाली. पुढच्या दशकात ३० कोटींहून जास्त लोकांना ती मिळाली आणि ‘ए’च्या साथी जवळपास थांबल्या. वरकडी म्हणजे, लस घेतलेल्यांच्या रक्तात धनुर्वाताविरुद्धचे प्रतिपिंडही वाढलेले दिसले.

वाहक म्हणून दुसरं प्रथिनही वापरतात, सीआरएम-१९७. हे घटसर्पाचं विषच, पण ५३५ अमिनो आम्लांतलं ५२ व्या जागेवरचं एकच बदललेलं. तेवढ्यानं ते जन्मतःच निर्विष होतं, फॉर्मॅलिनची गरज उरत नाही. सिरमच्या न्यूमोनियाच्या लशीत तेच आहे. पाच प्रकारांवरच्या नव्या मेनफाइव्ह लशीत दोन्ही वाहक आहेत.

मग सगळ्याच जिवाणूंच्या विषांची टॉक्सॉइडं का करत नाहीत, असं तुमच्या वर्गात कुणी विचारेल. कॉलऱ्याचं करून पाहिलं होतं. कॉलऱ्याचं विष कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं, आणि त्याचं टॉक्सॉइड पुढे बांगलादेशात आजमावलं गेलं. फारसा उपयोग झाला नाही. ते विष रक्तात येतच नाही, आतड्याच्या पोकळीत राहून काम करतं, आणि दंडात टोचून रक्तात आलेले प्रतिपिंड तिथे पुरेसे पोचत नाहीत. म्हणून आज कॉलऱ्याची लस तोंडानं पाजतात.

प्रश्न : आमच्या आजोबांना तरुणपणी शेतात काम करताना धनुर्वात झाला होता. महिनाभर दवाखान्यात राहून वाचले. एकदा होऊन गेला म्हणजे त्यांना आता लशीची गरज नाही ना? – एक वाचक, सासवड

उत्तर : आहे, आणि इतरांइतकीच. गोवर होऊन गेला की तो परत सहसा होत नाही, धनुर्वाताचं तसं नसतं. वरचा १५० नॅनोग्रॅमचा आकडा पाहा. माणसाला मारायला जेवढं विष पुरतं, ते त्याच्या प्रतिकारशक्तीच्या खिजगणतीतही येत नाही. टॉक्सॉइडच्या एका मात्रेत हेच प्रथिन निर्विष रूपात मायक्रोग्रॅमच्या हिशेबानं, म्हणजे मारक मात्रेच्या कितीतरी पट, असतं. तेव्हा कुठे शरीर त्याची दखल घेतं. आजोबा मरणाच्या दारातून परत आले, पण त्यांच्या शरीराला त्या विषाची ओळख झालीच नाही. शिवाय धनुर्वात माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे सगळ्या गावानं लस घेतली तरी त्याचा आडोसा एकट्या आजोबांना मिळत नाही. म्हणूनच धनुर्वातातून बऱ्या होणाऱ्या रुग्णाला त्याच मुक्कामात पहिली मात्रा टोचायची असते. तेव्हा ती राहून गेली असेल तर आता घ्यावी, आणि पुढच्या दोन मात्रांच्या तारखा घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात.